विश्लेषण : गोऱ्या सैनिकांसाठी खडकीत बिअर बनवणाऱ्या मीकिन घराण्याच्या धंद्याचे पुढे काय झाले?

उमरगा : पुण्याजवळची खडकी म्हटले की दारूगोळा कारखाना आठवतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच छावणीत दुसऱ्या अर्थाच्या ‘दारू’चाही कारखाना होता. इंग्लंडमधल्या बर्टन गावचे मीकिन घराणे तो चालवत असे आणि तिथली बिअर प्रामुख्याने गोऱ्या सैनिकांसाठी होती. त्या धंद्याची आजची वारस कंपनी म्हणजे ‘ओल्ड मंक’ रम बनवणारी मोहन मीकिन. मधल्या सव्वाशे वर्षांत दोन ब्रिटिश घराणी, एक पंजाबी घराणे, फाळणी आणि दारूबंदी एवढे सगळे येऊन गेले. खडकीत बिअर बनत होती तेव्हा उमरगा निजामाच्या राज्यात होता. इथल्या माणसाचा संबंध बिअरशी नव्हता, शिंदीशी होता. तरी या दोन्ही पेयांचा हिशेब एकाच वहीत लिहिला जात होता, तो म्हणजे सरकारी महसुलाच्या.

सैनिकांना बिअर कशासाठी?

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईत पेशव्यांचा पराभव झाला आणि त्यानंतर तिथे इंग्रजांची कायमची छावणी बसली. १८६९ मध्ये दारूगोळा कारखाना सुरू झाला. छावणी म्हणजे शेकडो तरुण शिपाई, उकाडा, रिकामा वेळ आणि जवळच्या बाजारात मिळणारी स्वस्त देशी दारू. हिवताप, पटकी, हगवण हे आजार तर होतेच. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी भारतातले गोरे सैन्य वाढवले. पुढची अनेक दशके ते साधारण ६० ते ७० हजारांच्या घरात राहिले.

या सैन्याच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाचा अहवाल १८६३ मध्ये आला. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांचा त्यामागे मोठा हात होता. भारतात दर हजार गोऱ्या सैनिकांमागे वर्षाला ६९ जण मरतात, असा आकडा त्यात होता, आणि ते मरत होते ते बहुतांश आजारांनी. आयोगाने गटारे, पाणी, बराकींची रचना यांवर बोट ठेवले. त्यासोबत कडक दारूवर बंधने घाला, प्यायचीच असेल तर त्यापेक्षा बिअर बरी, असाही सूर लावला.

त्यामागे तांत्रिक कारणही होते. बिअर गाळून काढत नाहीत, आंबवून बनवतात. त्यामुळे तिच्यात मद्यार्काचे प्रमाण साधारण ४ ते ८ टक्के असते. रम किंवा अरक ऊर्ध्वपातनाने, म्हणजे वाफ करून थंड करून काढतात आणि त्यांचे प्रमाण ४० टक्क्यांच्या पुढे जाते. शिवाय बिअर बनवताना पाणी उकळावे लागते. जंतूंची नीट माहिती नव्हती त्या काळात छावणीतल्या विहिरीच्या पाण्यापेक्षा बिअर सुरक्षित ठरे, ती त्यामुळेच.

ती इंग्लंडहून का आणत नव्हते?

आणत होते. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लंडनच्या बो भागातली हॉजसन यांची बिअर भारतात येत असे. १८२० च्या दशकात बर्टनच्या ऑलसॉप आणि बास या कंपन्या त्या व्यापारात उतरल्या. बर्टनच्या पाण्यात जिप्सम भरपूर असल्याने तिथली फिकट, कडवट बिअर चांगली उतरे. ‘इंडिया पेल एल’ हे नाव आजही जगभरच्या बारमध्ये दिसते, ते या व्यापारातून आले. भारतात पाठवायच्या पिंपात हॉप्स जास्त घालत. हॉप्स ही एका वेलीची फुले. ती बिअरला कडूपणा देतात आणि टिकाऊही करतात.

पण आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या जहाजाला चार ते सहा महिने लागत. विषुववृत्त दोनदा ओलांडून आलेल्या पिंपातले काही फुटत, काही आंबट होत. मुंबई बंदरातून घाट चढून पुण्याला आणि तिथून आतल्या छावण्यांत पोहोचेपर्यंत किंमत भलतीच वाढलेली असे. सुवेझ कालवा १८६९ मध्ये उघडला आणि प्रवास खूपच लहान झाला. तोवर भारतातच बिअर बनवणे परवडते, हे काही जणांनी दाखवून दिले होते.

हे पहिले कारखानदार कोण?

सर्वांत ठळक नाव डायर घराण्याचे. एडवर्ड डायर यांनी हिमाचलमधल्या कसौलीत बिअरचा कारखाना काढला. मोहन मीकिन कंपनी आपल्या मालावर आजही ‘१८५५ पासून’ असे अभिमानाने छापते, ते या कारखान्याच्या आधारावर. (अनेक ठिकाणी हा कारखाना १८२० च्या दशकातला असल्याचे छापून येते, पण कंपनीचे स्वतःचे साल धरलेले बरे.)

डोंगरच का, याचे उत्तर थंडी. यंत्राने थंडावा निर्माण करण्याची सोय नसताना बिअर आंबवायला साधारण १५ ते २० अंश तापमान लागे. त्याहून जास्त झाले की यीस्ट भलत्या चवी तयार करते आणि इतर जंतूही माजतात. उन्हाळ्यात चाळिशी पार करणाऱ्या मैदानी मुलखात हे जमणे शक्य नव्हते. हिमालयात थंडी होती, झऱ्याचे पाणी होते, पंजाबातला सातू म्हणजे बार्ली जवळ होता आणि गिऱ्हाईकही तिथेच होते. गोऱ्या पलटणींच्या थंड हवेच्या छावण्या याच डोंगरांत होत्या.

यातला पाण्याचा मुद्दा कसौलीतच पुढे आला. जवळच्या सोलनला झऱ्याचे पाणी मुबलक असल्याने बिअरचे काम तिकडे हलवले गेले आणि कसौलीत व्हिस्की गाळण्याचा कारखाना राहिला. कालका-शिमला रेल्वेवर ‘सोलन ब्रुअरी’ नावाचे स्थानकच आहे.

१८६० मध्ये आजच्या पाकिस्तानातल्या मरीजवळ घोडा गली येथे मरी ब्रुअरी सुरू झाली. तिच्या सुरुवातीच्या कारभारातही एडवर्ड डायर होते. त्यांचा मुलगा रेजिनाल्ड १८६४ मध्ये मरीतच जन्मला आणि शिमल्यात शिकला. हाच मुलगा पुढे ब्रिगेडियर जनरल झाला आणि १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरच्या जालियनवाला बागेत नि:शस्त्र जमावावर त्याने गोळीबार करवला. बाटलीवरच्या नावाचा आणि त्या हत्याकांडाचा संबंध एवढाच, की कारखानदार बाप आणि लष्करी अधिकारी मुलगा. धंद्याला त्याबद्दल दोष देता येत नाही. मात्र वसाहतीतल्या गोऱ्या घराण्यांत व्यापार आणि लष्कर कसे एकाच घरात नांदत होते, ते यातून कळते.

मग मीकिन कुठून आले?

एच. जी. मीकिन हे बर्टनच्या एका नावाजलेल्या बिअर-व्यावसायिक घराण्यातले. पिढीजात कसब घेऊन ते भारतात आले आणि १८८७ मध्ये त्यांनी एडवर्ड डायर यांच्याकडून शिमला आणि कसौलीचे जुने कारखाने विकत घेतले. नंतर रानीखेत, डलहौसी, चक्राता, दार्जिलिंग आणि खडकी अशी भर पडत गेली.

ही यादी नीट पाहिली तर खडकी वेगळी पडते. बाकी सगळी ठिकाणे हिमालयातली. खडकी दख्खनच्या पठारावर, जेमतेम साडेपाचशे मीटर उंचीवर. पुण्याची हवा मैदानी मुलखाच्या मानाने सौम्य असली तरी ती शिमल्याची हवा नव्हे. पण १८७० नंतर यंत्राने बर्फ आणि थंडावा तयार करण्याचे तंत्र बिअर उद्योगात आले आणि डोंगराची सक्ती संपली. त्याआधीचा बर्फ तर थेट अमेरिकेतून जहाजाने येत असे. १८३३ मध्ये फ्रेडरिक ट्यूडर यांच्या जहाजातून तो पहिल्यांदा कलकत्त्याला उतरला होता. थंडावा यंत्राने मिळू लागल्यावर कारखानदारासाठी गिऱ्हाईक जवळ असणे महत्त्वाचे झाले. पुणे आणि खडकीच्या छावण्या, शेजारी रेल्वे आणि खाली मुंबई अशी गिऱ्हाइकी दक्षिणेत फार कमी ठिकाणी होती.

धंद्याचे गणित लष्करी पुरवठ्यावर उभे होते. लष्कर हे खात्रीचे आणि मोठे गिऱ्हाईक. भारतात बनलेली बिअर आयात मालापेक्षा स्वस्त पडे, कारण सातू आणि मजुरी इथली होती. हॉप्स मात्र बाहेरून आणावे लागत. ते हिमालयात लावण्याचेही प्रयत्न झाले. या घराण्यांची दुसरी जमेची बाजू म्हणजे कसबी माणूस घरचाच असे. सातू किती भिजवायचा, मोड कधी थांबवायचे, भट्टीत किती तापवायचा, यीस्ट कसे जिवंत ठेवायचे, हे ज्ञान पुस्तकात कमी आणि हातात जास्त होते. त्यामुळे एकट्या माणसाऐवजी घराणे या धंद्यात टिकत असे.

दक्षिणेत दुसरा प्रयोग बंगळूरच्या छावणीभोवती झाला. १८५७ पासूनची कॅसल ब्रुअरी आणि इतर चार कारखाने एकत्र करून थॉमस लीशमन या स्कॉटिश गृहस्थांनी १९१५ मध्ये युनायटेड ब्रुअरीज स्थापन केली. १९४७ मध्ये विठ्ठल मल्ल्या तिच्या संचालक मंडळावर आले आणि वर्षभरात अध्यक्ष झाले. म्हणजे ब्रिटिश घराण्याचा कारखाना भारतीय घराण्याकडे जाण्याची गोष्ट एकट्या मीकिन यांची नाही.

पुण्यात याला विरोध झाला नाही?

छावणीतल्या बिअरला नाही, शहरातल्या दारूला झाला. यात फरक आहे. बिअर गोऱ्यांसाठी होती. देशी माणसाला इंग्रज सरकार विकत होते ती देशी दारू आणि ताडी, आणि त्यावर अबकारी कर वसूल करत होते. मुंबई इलाख्याचा १८७८ चा अबकारी कायदा आला आणि घरोघरी मोहाची दारू गाळण्यावर टाच आली. ठरलेल्या कारखान्यात गाळायची, मक्तेदाराने विकायची आणि कर सरकारने घ्यायचा, अशी पद्धत बसली. उरणला मोहाची दारू गाळणारे कितीतरी कारखाने होते आणि ते प्रामुख्याने पारशी घराण्यांचे होते. दारूवाला, ताडीवाला ही आडनावे या व्यापारातून आली. पुणे स्टेशनजवळचा ताडीवाला रस्ता रोज हजारो लोक तुडवतात.

जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. शहरात दारूची दुकाने वाढत चालल्याबद्दल त्यांनी १८८० मध्ये नगरपालिकेकडे लेखी तक्रार केली. गरिबांच्या संसारावर काय परिणाम होतो, हा त्यांचा मुद्दा होता. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दारू दुकानांपुढे स्वयंसेवक उभे राहू लागले. सरकारने ते बंद पाडले, कारण दुकान बुडाले की महसूल बुडत होता. दारूबंदी हा स्वातंत्र्य चळवळीचा कार्यक्रम झाला तो केवळ नैतिक कारणाने नव्हे. सरकारच्या तिजोरीला हात घालण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग होता.

उमरगा भागात तेव्हा काय होते?

उमरगा हैदराबाद संस्थानात होता. मधली काही वर्षे मात्र वेगळी. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी इंग्रजांनी १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब यांच्यासोबत नळदुर्ग-धाराशिवचा मुलूखही आपल्या कारभाराखाली घेतला. मेडोज टेलर हे अधिकारी नळदुर्गातून तो पाहत होते. १८६० मध्ये हा भाग निजामाला परत मिळाला. त्यानंतर उमरग्यापासून सुमारे शंभर किलोमीटरवरचे सोलापूर ब्रिटिश आणि इकडचा मुलूख निजामाचा, अशी सीमा राहिली. सीमेवर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे नाके होते.

निजामाच्या राज्यात अबकारी हा महसुलाचा एक मोठा स्रोत होता. शिंदीच्या झाडांचा आणि दुकानांचा लिलाव होई, गुत्तेदार बोली लावत. आजही मराठवाड्यात कुठल्याही कंत्राटदाराला ‘गुत्तेदार’ म्हणतात, तो शब्द याच कारभारातला आहे. शिंदी म्हणजे झाडाला छेद देऊन काढलेला रस. तो सकाळी गोड असतो आणि दुपारपर्यंत आपोआप आंबतो. तिला ना कारखाना लागतो ना यंत्र. बिअर आणि शिंदी या दोन्ही आंबवलेल्या, सौम्य गोष्टी. पण एकीसाठी बर्टनचे कसब आणि हिमालयातले झरे लागत होते, तर दुसरी बांधावरच्या झाडातून निघत होती. त्यामुळे शिंदीवर नियंत्रण ठेवायचे तर झाडांवरच ठेवावे लागे.

आणि म्हणूनच राग निघाला तो झाडांवर. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापुरात लोकांनी रूपाभवानी परिसरातली शिंदीची झाडे तोडायला घेतली. पोलिसांनी अटक केली, जमाव चिडला, गोळीबार झाला आणि पुढे शहरात लष्करी कायदा पुकारला गेला. त्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली. १९४७ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसने लढा सुरू केला, तेव्हा मराठवाड्यातही जंगल सत्याग्रह, लेव्हीला नकार आणि शिंदीची झाडे तोडणे हे कार्यक्रम होते. झाड पडले की गुत्ता बुडाला आणि गुत्ता बुडाला की निजामाचे उत्पन्न कमी झाले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले.

डायर आणि मीकिन एकत्र कधी आले?

पहिल्या महायुद्धानंतर. दोन प्रतिस्पर्धी घराण्यांच्या कंपन्या मिळून ‘डायर मीकिन’ झाली. १९३७ मध्ये ब्रह्मदेश भारतापासून वेगळा काढला गेला. डायर यांचा मंडालेचा कारखाना तिकडे होता, त्यामुळे भारतातली मालमत्ता ‘डायर मीकिन ब्रुअरीज’ या नव्या कंपनीत आली आणि तिचे समभाग लंडनच्या बाजारात नोंदले गेले. घराण्याचा धंदा तोवर भागधारकांचा झाला होता.

१९४७ नंतर या कंपनीपुढे सरळ प्रश्न उभा राहिला. जिच्यासाठी ती जन्मली ती गोरी पलटणच निघून गेली. नरेंद्रनाथ मोहन यांनी पैसा उभा केला, लंडनला जाऊन कंपनीतला मोठा हिस्सा विकत घेतला आणि १९४९ मध्ये कारभार हाती घेतला. त्यांनी गाझियाबादजवळ नवा कारखाना उभारला. त्या भागाचे नाव आज मोहन नगर आहे.

डिसेंबर १९५४ मध्ये ‘ओल्ड मंक’ बाजारात आली. तिचे श्रेय नरेंद्रनाथ यांचे थोरले पुत्र कर्नल वेद रतन मोहन यांना दिले जाते. ही रम सातूची नव्हे, उसाच्या मळीची. इथे धंद्याचा कल बदलला. बिअरसाठी सातू आणि हॉप्स लागतात, रमसाठी लागते साखर कारखान्याच्या मागच्या दाराने निघणारी मळी. स्वातंत्र्यानंतर देशात साखर कारखाने वाढत गेले तशी मळी स्वस्त आणि मुबलक होत गेली.

१९६७ मध्ये कंपनीचे नाव ‘मोहन मीकिन ब्रुअरीज’ झाले. डायर हे नाव गेले, मीकिन राहिले. १९६९ मध्ये नरेंद्रनाथ आणि १९७३ मध्ये वेद रतन वारले. मग धाकटे बंधू ब्रिगेडियर कपिल मोहन यांनी चार दशकांहून अधिक काळ कंपनी सांभाळली. १९८० च्या दशकात नावातून ‘ब्रुअरीज’ही गळाले. कपिल मोहन यांना २०१० मध्ये पद्मश्री मिळाली आणि जानेवारी २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. ते स्वतः दारू पीत नसत. ‘ओल्ड मंक’ची जाहिरातही कंपनीने जवळपास केलीच नाही. ती खपली सैन्याच्या कँटीनमधून आणि वसतिगृहांतल्या तोंडी प्रसिद्धीतून. गिऱ्हाईक पुन्हा शिपाईच, फक्त आता भारतीय.

मरी ब्रुअरीचे काय झाले?

तीही घराण्याकडेच गेली. फाळणीच्या सुमारास पारशी उद्योजक पेशोतन भंडारा यांनी ती घेतली. घोडा गलीचा जुना कारखाना १९४७ च्या दंगलीत जळाला, काम रावळपिंडीत चालू राहिले. प्रसिद्ध कादंबरीकार बाप्सी सिधवा या पेशोतन यांच्या कन्या. त्यांचे बंधू मिनू भंडारा आणि नंतर पुतणे इस्फन्यार यांनी कारभार पाहिला. १९७७ मध्ये पाकिस्तानने मुस्लिमांना दारूबंदी केली. कारखाना बंद झाला नाही. बिगरमुस्लिम आणि परदेशी नागरिकांना परवान्यावर माल विकून आणि जोडीला शीतपेये, फळांचे रस बनवून तो टिकला.

महाराष्ट्रात परवान्याची पद्धत कधीपासून?

मुंबईत काँग्रेसच्या पहिल्या मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ पासून दारूबंदी लागू केली. ती राबवणारे मंत्री डॉ. मंचेरशा गिल्डर स्वतः पारशी होते आणि त्यांच्याच समाजातल्या अनेकांचा धंदा त्यामुळे बसणार होता. त्यांच्यावर समाजातून बरीच टीका झाली. काही महिन्यांत मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि प्रयोग ढिला पडला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० पासून संपूर्ण दारूबंदी सुरू झाली. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई गृहमंत्री होते.

एफ. एन. बलसारा यांनी या कायद्याला आव्हान दिले. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने औषधे आणि प्रसाधनांतल्या मद्यार्काबाबतची कलमे रद्द केली, पण दारूबंदी कायम ठेवली. लष्करी मेस आणि कँटीनला दिलेली सूटही वैध ठरली. खडकीच्या छावणीत बिअर आली होती ती सैनिकांसाठी. साऱ्या राज्यात ती बंद झाली तेव्हाही सैनिकांना सूट मिळाली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे हा कायदा इकडेही लागू झाला. १९६० आणि ७० च्या दशकांत सरकारने बंदी सैल केली, देशी दारूचे परवाने दिले. कायदा मात्र रद्द केला नाही. महाराष्ट्रात आजही दारूबंदी कायदाच लागू आहे आणि बाकी सगळे त्याला अपवाद म्हणून चालते. पिणाऱ्याकडे परवाना असायला हवा, एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन. सौम्य बिअरसाठी वय २१, बाकी मद्यासाठी २५. दुकानातून बाटली घेणाऱ्या कितीजणांकडे तो असतो, हे उमरग्यात काय किंवा पुण्यात काय, सगळ्यांना ठाऊक आहे.

याच कायद्याच्या चौकटीत गावातल्या महिला मतदानाने दुकान बंद करू शकतात. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू ठेवा, आडवी बाटली म्हणजे बंद करा. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. आलेल्यांपैकी नव्हे, एकूणपैकी. त्यामुळे मतदानाच्या दिवशी बायका शेतात गेल्या की दुकान वाचते. हा निकष कडक आहे आणि दुकानदारांच्या सोयीचा आहे, हे मान्य करायला हवे.

महामार्गावरच्या गावांना आणखी एक अनुभव आला. महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारू विकायची नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि सोलापूर-हैदराबाद रस्त्यासारख्या मार्गांवरच्या दुकानांवर गंडांतर आले. काही महिन्यांतच शहरांच्या हद्दीतली दुकाने या आदेशातून वगळली गेली.

आता बिअर कुठे बनते आणि पाण्याचा प्रश्न काय आहे?

डोंगराची गरज संपल्यावर बिअरचे कारखाने बाजारपेठ, रस्ते आणि औद्योगिक वसाहती पाहून उभे राहू लागले. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज आणि परिसरात देशी-विदेशी कंपन्यांचे मोठे कारखाने आहेत. सातू राजस्थान, हरियाणाकडून येतो. पाणी जायकवाडीचे.

एक लिटर बिअर म्हणजे एक लिटर पाणी असे नसते. भिजवणे, उकळणे, थंड करणे आणि मुख्य म्हणजे टाक्या व बाटल्या धुणे यात कारखान्यानुसार साधारण तीन ते सात लिटर पाणी जाते. चांगले कारखाने ते कमी करत आणतात. उसाला आणि साखरेला लागणाऱ्या पाण्यापुढे हे प्रमाण फार नाही, असे उद्योगाचे म्हणणे असते आणि आकड्यांत ते खोटे नाही. पण दुष्काळात आकडे एकटे येत नाहीत. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते. उमरगा, लोहारा, औसा या शेजारच्या तालुक्यांत टँकरच्या रांगा होत्या. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य आणि बिअर उद्योगांचे पाणी आधी ५० टक्के आणि १० मेपासून ६० टक्के कापण्याचा आदेश दिला. जून अखेरपर्यंत तो लागू होता. इतर उद्योगांच्या पाण्यातही कपात झाली, पण मद्य उद्योगाइतकी नाही.

त्याआधी २००७ मध्ये राज्य सरकारने धान्यापासून मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्यांना अनुदान देणारे धोरण आणले होते. त्यात ज्वारीचाही समावेश होता. कोरडवाहू शेतकऱ्याच्या ज्वारीला भाव मिळेल, असा सरकारचा दावा होता. खायच्या धान्याची दारू करायला सरकारने पैसे का द्यायचे, असा सवाल दारूविरोधी कार्यकर्त्यांनी केला आणि वाद न्यायालयापर्यंत गेला. धाराशिव जिल्ह्यात आजही रब्बीला ज्वारी मोठ्या प्रमाणात पेरली जाते. तिची भाकरी होते, कडबा जनावरांना जातो आणि आडतीवर भाव पडला की पुढच्या वर्षी पेरा हरभऱ्याकडे वळतो.